‘डॉक्टरांना कळवले’

कुठल्याही रुग्णालयातला जाडसर केस पेपर उघडा. सिस्टरांच्या नोंदींची पानं असतात, तिथे निळ्या शाईतलं एक वाक्य हमखास सापडतं : ‘डॉक्टरांना कळवले.’ आगेमागे वेळ, नाडी, बीपी, सही. ‘रात्री २.१०. पेशंट अस्वस्थ. बीपी लो. डॉक्टरांना कळवले.’ पुढची नोंद थेट पहाटे पावणेपाचची. मधल्या अडीच तासांत काय घडलं याचा त्या वाक्यातून पत्ता लागत नाही. फोन पहिल्यांदाच लागला का, पलीकडचा माणूस झोपेतच ‘हं, हं’ म्हणाला की ताडकन उठून बसला, त्याच्या कानात नेमके कोणते शब्द पडले, यातलं काहीच तिथे नसतं. पण वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे आणि कागदोपत्रीही पूर्ण आहे. ते लिहिलं की लिहिणारी सुटते.

खरं तर मराठी व्याकरण इतक्या सहज सोडत नाही. ‘कळवणे’ हे ‘कळणे’चं प्रयोजक रूप. करणे–करवणे, बसणे–बसवणे, तसं कळणे–कळवणे. मूल बसलंच नाही तर ‘मी त्याला बसवलं’ असं आपण म्हणत नाही. मग समोरच्याला कळलंच नसेल तर ‘कळवलं’ कसं म्हणायचं? व्यवहारात मात्र कळवणे म्हणजे निरोप टाकणे, एवढाच अर्थ उरला आहे. निरोप टाकणं आणि कळणं यांच्यामधल्या फटीत रुग्णालयात काय काय होतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी एक साधा हिशोब. वॉर्डातल्या पेशंटजवळ मोठे डॉक्टर दिवसाकाठी किती वेळ असतात? राउंडची पाच मिनिटं, फार तर दहा. सिस्टर सहा, आठ, रात्रपाळीला कधी बारा तास तिथेच असते. पेशंटचा रंग उतरला, तो बोलायचा थांबला, मघाशी चादर ओढून घेत होता तो आता चादर फेकतोय, हे तिला दिसतं. निर्णयाचा अधिकार मात्र राउंडला येणाऱ्याकडे. जो पाहतो तो ठरवत नाही, जो ठरवतो तो पाहत नाही. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, वाक्य. आणि ते वाक्य बहुधा असं असतं : ‘सर, चार नंबरचा पेशंट जरा बरोबर वाटत नाहीये.’

सर विचारतात, ‘बीपी काय आहे?’ ‘थोडं कमी आहे सर.’ ‘बरं, सलाईन जरा वाढवा, मी सकाळी बघतो.’ फोन बंद. सिस्टर लिहिते, ‘डॉक्टरांना कळवले.’ दोघंही खोटं बोललेले नाहीत.

*

२९ मार्च २००५ या दिवशी इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली नावाची ३७ वर्षांची बाई सायनसच्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. दोन लहान मुलांची आई, बाकी प्रकृती ठणठणीत. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग अडला. नळी आत जाईना, मास्कने हवा जाईना. रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण काही मिनिटांतच ४० टक्क्यांवर आलं. खोलीत अननुभवी कोणी नव्हतं. भूलतज्ज्ञ मुरलेले, मदतीला धावून आलेले दुसरे भूलतज्ज्ञही तसेच, आणि कान-नाक-घशाचे सर्जन तर तिथे होतेच. नळी जात नाही आणि हवाही जात नाही, अशा वेळी काय करायचं हे भूलशास्त्राच्या पुस्तकात स्पष्ट आहे : गळ्याला छेद द्यायचा आणि थेट श्वासनलिकेत वाट करायची. हे काम ज्यांच्या हातचं, ते सर्जन दोन पावलांवर उभे. तरीही तिघं तोंडातून नळी घालायचेच प्रयत्न करत राहिले. वीस मिनिटांहून जास्त वेळ.

आता त्याच खोलीतल्या नर्सेसकडे वळू. एक जण न सांगता ट्रॅकिऑस्टॉमीचा संच घेऊन आली आणि संच तयार असल्याचं तिने सांगितलं. कोणी लक्ष दिलं नाही. दुसरीने आयसीयूला फोन करून खाट मिळवली आणि आत येऊन तसं कळवलं. डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की आपण उगाच घाई करतोय असं तिला वाटलं. ती परत फोनकडे गेली आणि तिने खाट रद्द केली. एलेन पुन्हा शुद्धीवर आली नाही. तेरा दिवसांनी ती गेली.

तिचा नवरा मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होता. विमान पडलं की चौकशी होणारच, आणि ती कोणाला फासावर द्यायला नाही तर पुढचं विमान पडू नये म्हणून, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. रुग्णालयात अशी चौकशी आपोआप होत नाही हे ऐकून तो चक्रावला. त्याने ती करवून घेतली. त्यातून जे पुढे आलं त्यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील असा की काय करायला हवं हे दोन नर्सेसना नेमकं माहीत होतं, पण तो विषय काढायचा कसा हे त्यांना उमगलं नव्हतं. म्हणजे ज्ञान खोलीत होतं, अवजारही ट्रेमध्ये होतं. ‘सर, नळी जात नाही, आता गळ्याला छेद द्या’ एवढं म्हणायला धाप लागत नाही. पण ते कोणी कोणाला म्हणायचं?

मार्टिनने २००७ मध्ये ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ नावाचा गट उभा केला आणि विमानधंद्यातले धडे रुग्णालयांना सांगायला सुरुवात केली. त्या धंद्याने ते धडे फार महाग विकत घेतले होते. २७ मार्च १९७७ ला तेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानात मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. त्याने ती विचारलीही : ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. शंका प्रश्न होऊन बाहेर पडली की एका ‘हो’ने तिचा निकाल लागतो. ‘थांबा’ म्हटलं असतं तर निदान का थांबायचं एवढं तरी विचारावं लागलं असतं.

*

यावर लोक म्हणतात, सिस्टरांनी धीट व्हावं. हा सल्ला बहुधा डॉक्टरच देतात.

१९६६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रात्रपाळीच्या २२ नर्सेसना अनोळखी डॉक्टरचा फोन गेला : अमुक पेशंटला ‘ॲस्ट्रोटेन’ २० मिलिग्रॅम द्या, मी येतोच, आल्यावर सही करतो. औषध बनावट होतं, गोळीत नुसती साखर. पण डबीवर स्पष्ट छापलेलं, दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवरची ऑर्डर घेऊ नये असा नियमही होता. २२ पैकी २१ जणी औषध काढून पेशंटच्या दिशेने निघाल्या, तेव्हा त्यांना अडवून खरी गोष्ट सांगितली गेली. हाच प्रसंग दुसऱ्या १२ नर्सेसना कागदावर दिला होता. त्यातल्या दहा जणी म्हणाल्या, आम्ही नाही देणार. कागदावर सगळेच धीट असतात.

हा प्रयोग बहुतेक पुस्तकांत इथेच संपतो आणि वाचणाऱ्याला नर्सेस म्हणजे हुकुमाच्या ताबेदार असं वाटायला लागतं. त्याचा पुढचा भाग फार कमी सांगितला जातो. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी तोच डाव थोडा बदलून मांडला. औषध ओळखीचं घेतलं, व्हॅलियम, मात्र डोस जास्त. आणि नर्सेसना आपसांत बोलायची मुभा ठेवली. या वेळी १८ पैकी फक्त दोघी द्यायला निघाल्या. बाया त्याच पेशाच्या, रुग्णालयंही तसलीच. फरक एवढाच की माहितीतलं औषध होतं आणि ‘अगं, हे बघ गं जरा, बरोबर वाटतंय का तुला?’ असं विचारायला शेजारी कोणी होतं. धीटपणा हा एकटीच्या छातीतला गुण असेलही, पण रुग्णालयात तो बराचसा बाजूला कोण उभं आहे यावर ठरतो.

लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ च्या एका लेखात या नात्याला ‘डॉक्टर–नर्सचा खेळ’ म्हटलं. खेळाचा नियम असा : नर्सने सुचवायचं, पण सुचवल्यासारखं दिसू द्यायचं नाही. डॉक्टरने सल्ला घ्यायचा, पण मागितल्यासारखं दिसू द्यायचं नाही. आपल्याकडे हा खेळ शिकवावाच लागत नाही. सासरी नांदलेल्या कोणत्याही बाईला तो येतो. ‘सर, परवा यांना ते अमुक दिलं होतं ना, तेव्हा छान झोप लागली होती.’ सर म्हणतात, ‘हं... मग असं करा, अमुकच द्या.’ सिस्टर म्हणते, ‘हो सर.’ दिवसाउजेडी, निवांत वेळी हा खेळ गोड चालतो, कोणाचा मान दुखावत नाही. पण पेशंट बुडत असताना सूचकपणाला वेळ नसतो. इशारा पोचायला दोन मिनिटं लागतात आणि अर्धा हरवतो.

आणि आपल्याकडच्या सिस्टरच्या गप्प राहण्याला आणखी थर आहेत. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्याच्या ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परपुरुषांची शुश्रूषा, परजातीचा स्पर्श यावरून समाजाने नाकं मुरडली होती. पेशाला मान मिळवायचा तर शिस्तीत, खाली मान घालून काम करून दाखवणं हाच रस्ता त्या पिढ्यांना उरला होता. आज एखाद्या नर्सिंग होममध्ये कंत्राटावर लागलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला ती मान वारशात मिळते, वर परक्या प्रांतातली असेल तर भाषेची अडचण वेगळी. तिला ‘धीट हो’ सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा तिच्या हातात वाक्याचा साचा देणं जास्त उपयोगाचं, आणि तो साचा मिळाला कुठे, तर पाणबुडीत.

*

अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर कमी शब्दांत, ठरलेल्या क्रमाने माहिती द्यायची पद्धत होती. अशा पाणबुडीवर काम केलेले डग बोनाकम पुढे ‘कायझर पर्मनंटे’ या अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्यसंस्थेत सुरक्षिततेचं काम पाहू लागले. तिथे मायकल लेनर्ड हे डॉक्टर आणि सुझन ग्रॅहम यांच्यासह त्यांनी ती पद्धत रुग्णालयासाठी बेतली. तिचं नाव ‘एसबार’. चार पायऱ्या : आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय. ऐकायला शाळकरी वाटतं. पण मघाचा चार नंबरचा फोन या साच्यातून करून पाहा.

‘सर, मी फीमेल सर्जिकलमधून स्टाफ सिस्टर बोलतेय. चार नंबरच्या पेशंटचं बीपी ९०–६० झालंय, पल्स १२४. वय ४६, आज सकाळी दहाला गर्भपिशवी काढली आहे. रात्री दहाला बीपी १३०–८० होतं, पल्स ८८. गेल्या दोन तासांत लघवी फक्त २० एमएल. पोट ताठ लागतंय, ड्रेसिंग कोरडं आहे. मला वाटतं, पोटात ब्लीडिंग होतंय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोवर सलाईन फास्ट करू का? क्रॉसमॅचला रक्त पाठवू का?’

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. हे ऐकून ‘सकाळी बघतो’ म्हणायला मोठं धाडस लागतं. म्हटलंच, तर केस पेपरवर ‘डॉक्टरांना कळवले’च्या जागी लिहिण्यासारखं बरंच काही असतं. आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही : हा साचा फोन करण्याआधीच काम करून घेतो. लघवी किती झाली हे सांगायचं म्हटलं की युरोबॅग पाहावीच लागते. ‘बीपी थोडं कमी’ म्हणायची सोय राहत नाही, आकडा द्यावा लागतो.

चार पायऱ्यांतल्या पहिल्या दोन सगळ्यांना जमतात. अडखळायला होतं ते ‘मला वाटतं’पाशी. निदान करणं डॉक्टरांचं काम, आपण कोण बोलणार, हे परिचारिकेला तीन वर्षं शिकवलेलं असतं. पण ‘पोटात ब्लीडिंग होतंय असं मला वाटतं’ हे निदान नव्हे. तो जवळून पाहणाऱ्याचा अंदाज आहे, आणि तो चुकला तर फार तर एका माणसाची झोप मोडेल. शेवटची पायरी त्याहून अवघड, कारण तिथे वरच्या माणसाकडे काहीतरी मागायचं असतं. म्हणून काही ठिकाणी नर्सेसना एक चढती शिडीही शिकवतात : आधी ‘मला काळजी वाटते’, मग ‘हे मला पटत नाही’, मग ‘यात पेशंटच्या जिवाला धोका आहे, थांबा’. पहिल्यांदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा बोलायचंच, हा नियम. दुसऱ्यांदाही ऐकलं नाही तर वरच्याला उठवायचं. नियम असला की बोलणारी उद्धट ठरत नाही, नियम पाळणारी ठरते.

फोनच्या पलीकडच्या टोकालाही एक कर्तव्य आहे, त्याबद्दल फार बोललं जात नाही. रात्री दोनच्या फोनला डॉक्टर काय सुरात उत्तर देतो, यावर पुढच्या वर्षभरातले त्याला येणारे फोन ठरतात. ‘एवढ्याशा गोष्टीला उठवलंत?’ हे वाक्य एकदा एका सिस्टरला ऐकवलं की पुरतं. सकाळी ते चहाच्या टेबलावर सगळ्यांना कळलेलं असतं, आणि इथे मात्र ‘कळवले’ शंभर टक्के खरं असतं.

*

बोललेलं ऐकू जाणं आणि बरोबर ऐकू जाणं, यातही अंतर आहे. ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ फोनवर म्हणून बघा. डॉक्टर हिंदीतून बोलणारे, सिस्टर कोट्टयमची, मामा लातूरचे, अशा वॉर्डात आकडे कोणत्या भाषेत पोचतात याचा नेम नाही. म्हणून तोंडी ऑर्डर घेताना ती लिहायची, लिहिलेली वाचून दाखवायची आणि पलीकडून ‘बरोबर’ ऐकल्यावरच फोन ठेवायचा, आकडा सुटा करून : ‘एक-सात, सतरा.’ विमानतळावरचा मनोरा आणि वैमानिक दिवसभर हेच करतात आणि त्यात त्यांना कोणी मंद म्हणत नाही.

इन्सुलिनचं उदाहरण तर घराघरातलं. युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिला की तो शून्यासारखा दिसतो, दहाचे शंभर होतात. म्हणून अमेरिकेत ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचं बंधन आलं. आपल्याकडे त्यात भर अशी की इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, एका एमएलमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट, आणि सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. शंभरच्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटच्या अंगात ५० युनिट जातात. फार्मसीने बाटली बदलून पाठवली आणि तसं वॉर्डाला सांगितलं नाही, एवढं पुरतं. औषध बरोबर, आकडाही बरोबर, आणि पहाटे पेशंट घामाने थबथबलेला. फार्मासिस्ट हा या चमूचा माणूस आहे हे आपण खिडकीच्या जाळीमुळे विसरतो.

*

वडील आजारी होते तेव्हा एका तालुक्याच्या गावच्या नर्सिंग होममध्ये मी अकरा रात्री काढल्या. सकाळी आठला आणि रात्री आठला ‘ओव्हर’ व्हायची. इंग्रजीतल्या हँडओव्हरचा पहिला अर्धा भाग गळून गेला आणि मराठी सिस्टरांच्या तोंडी ओव्हर एवढाच राहिला. ओव्हर देणे, ओव्हर घेणे. जाणारी सिस्टर पर्स खांद्याला लावूनच बोलायची : ‘बारा नंबर, हर्निया, सलाईन चालू, तक्रार नाही. तेरा नंबर, ताप, ब्लड पाठवलंय. चौदा नंबर, तेच.’ माझे वडील चौदा नंबर होते. ‘तेच’ म्हणजे काय, हे मला अकरा दिवसांत कळलं नाही.

ती सिस्टर कामचुकार मुळीच नव्हती. तिला एसटी पकडायची होती आणि तिच्या दृष्टीने वडिलांच्यात खरंच बदल नव्हता. पण ओव्हर घेणारी दोन दिवसांच्या सुट्टीवरून आली होती, तिला ‘ते’ काय हे माहीत असायचं कारण नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये या गोष्टीला एक आख्खं प्रकरण दिलं आहे, ‘पेटी मॅनेजमेंट’ नावाचं. तुम्ही तिथे असताना जे करता ते तुम्ही नसतानाही होत राहील अशी व्यवस्था लावणं, हा त्याचा गाभा. दिवा घेऊन फिरणारी देवी म्हणून आपण तिची तसबीर लावली आणि तिच्यातली कडक व्यवस्थापक बाजूला ठेवली, असं मला नेहमी वाटतं.

ओव्हर नीट दिल्याने खरंच फरक पडतो का? २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालविभागांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो निवासी डॉक्टरांच्या ओव्हरचा होता, पण धडा सगळ्यांनाच लागू. पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिगत, करायची कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं, असा क्रम लावून दिला. १०,७४० पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तर चुका २३ टक्क्यांनी घटल्या होत्या आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी. ओव्हरला वेळही वाढीव लागला नाही. माझ्या मते त्यातली मोलाची पायरी शेवटची. घेणाऱ्याने परत सांगायचं म्हटलं की ‘तेच’ हा शब्द बाद होतो.

*

आता अशी एक गोष्ट, जिच्यात कानाडोळा करणारे फक्त डॉक्टर नव्हते. २००१ च्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जोसी किंग ही दीड वर्षाची मुलगी गरम पाण्याने भाजून दाखल झाली. बरी होत आली, घरी जायची बोलणी सुरू झाली. मग ती तहानेने कासावीस होऊ लागली, पाण्याचं फडकं चोखू लागली. आई सॉरेल सांगत राहिली की हिचं काहीतरी बिनसलंय. तिला धीर दिला गेला की नोंदी ठीक आहेत. गुंगीचं औषध आता द्यायचं नाही असं ठरलं असताना ते पुन्हा दिलं गेलं. शरीरातलं पाणी आटलेल्या त्या पोरीचं हृदय थांबलं आणि ती गेली. इथे पाहणारी आई होती आणि ऐकून घ्यायचं होतं सिस्टरांनी आणि डॉक्टरांनी. आईजवळ चार्ट नव्हता, फक्त पोरगी होती.

त्याच रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट हे अतिदक्षता विभागाचे डॉक्टर होते. मोठ्या शिरेत नळी घालताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून त्यांनी पाच साध्या पायऱ्या कागदावर उतरवल्या : हात धुणं, कातडी जंतुनाशकाने पुसणं, पेशंटला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणं, अशा. डॉक्टर त्या पाळतात का, हे महिनाभर नर्सेसना नुसतं बघायला सांगितलं. एक तृतीयांशाहून जास्त पेशंटांच्या बाबतीत एखादी तरी पायरी गाळली जात होती. बघणाऱ्या नर्सेसना हे आधीही दिसत असणार, विचारलं कोणी नव्हतं. मग प्रोनोव्होस्टनी खरी चाल केली. प्रशासनाकडून हुकूम काढून घेतला की डॉक्टरने पायरी गाळली तर नर्सने काम थांबवायचं, आणि तिच्या पाठीशी प्रशासन उभं राहील. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये हीच पद्धत नेली आणि दीड वर्षात या संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. जगाने याला ‘चेकलिस्टची जादू’ म्हटलं. कागदात जादू नव्हती. पाच ओळींचा कागद झेरॉक्सवाल्याकडे मिळतो, ‘थांबा’ म्हणायची मुभा मिळत नाही.

याचा पुरावा पुढे उलट्या बाजूनेही मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. तिच्यात एक गमतीदार वाटणारी अट आहे : छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ज्याने एकदा तोंड उघडलंय तो गरज पडल्यावर दुसऱ्यांदा उघडतो, हा त्यामागचा विचार. नंतर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने १०१ रुग्णालयांत ही चेकलिस्ट सरसकट लागू केली. २०१४ मध्ये निकाल आला, म्हणण्यासारखा फरक नाही. चौकोनांत टिका मात्र जवळपास सगळीकडे मारलेल्या. टीक मारणं हे ‘डॉक्टरांना कळवले’चंच भावंड.

*

या सगळ्या कथांत नर्स म्हणजे न ऐकली गेलेली, असं चित्र उभं राहतं. ते अर्धंच आहे. वॉर्डात तिच्याहीखाली माणसं आहेत. मावशी पॉट देते, कपडे बदलते, कूस वळवते, पेशंटच्या अंगाला जितका तिचा हात लागतो तितका कोणाचाच लागत नाही. पाठीवर लाल चट्टा उठलाय, बेडसोअरची सुरुवात, हे तिला आधी दिसतं. राउंडच्या वेळी ती दाराबाहेर उभी असते. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांना आता निदान फाइलमध्ये पान मिळतं, मावशीला नाही. आणि डॉक्टरने ऐकलं नाही म्हणून दुखावलेली सिस्टर मावशीला ‘तू तुझं काम बघ’ म्हणते, तेव्हा शिडी एका पायरीने खाली सरकलेली असते, इतकंच.

वडिलांच्या सातव्या रात्री मावशी युरोबॅग रिकामी करायला आली आणि थबकली. मला म्हणाली, ‘दादा, संध्याकाळपास्नं बाबांची पिशवी भरलीच नाई.’ मी म्हटलं, पाणी कमी प्यायले असतील. ती काही न बोलता गेली आणि सिस्टरला घेऊन आली. सिस्टर तरुण होती, जेवायला बसली होती, डबा उघडा टाकून आली. तिने वडिलांच्या ओटीपोटावर हात ठेवला, मावशीला विचारलं, ‘किती वाजल्यापासून?’ मावशी म्हणाली, ‘सहाला मी ओतली, तवापास्नं.’ नळी तुंबली होती. सिस्टरने फोन केला, आकडे सांगितले, विचारलं, सिरिंजने साफ केली. पिशवीत धार लागली आणि वडिलांच्या कपाळावरची आठी सुटली. तोवर ते दुखतंय हे त्यांनाही सांगता आलं नव्हतं, मलाही कळलं नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी फाइल चाळताना ती नोंद मी शोधली. ‘रात्री ११.४०. कॅथेटर ब्लॉक. डॉक्टरांना कळवले. फ्लश केले. युरिन ७०० एमएल.’ खाली सही. मावशीने सांगितलं हे कुठे लिहायचं, याला त्या कागदावर रकाना नव्हता.